निळी सुई

प्रकाश खोटं बोलत नाही. हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर संगमरवरात कोरलेलं होतं, वर गुजरातीत आणि खाली इंग्रजीत. त्याच्याही खाली, ज्या ट्रस्टीशेठांनी ती पाटी दिली त्यांचं नाव होतं, वाक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. पाटी बसवली त्या बोळात दिवा नव्हता. त्यामुळे ते वाक्य वाचायचं तर टॉर्च घेऊन जावं लागे.

मी अमरावतीचा. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो आणि सुरतेच्या एका कॉलेजात टेक्निकल असिस्टंट म्हणून लागलो, तो निवृत्त होईपर्यंत तिथेच. टेक्निकल असिस्टंट म्हणजे ज्याचं नाव शोधनिबंधाच्या शेवटच्या ओळीत, आभारांत, वीजमंडळाच्या जरा वर येतं तो माणूस. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. यंत्रं माझी होती आणि ती माझं ऐकत, हे मला पुरेसं होतं.

त्यातलं एक यंत्र म्हणजे आमचा नायट्रोजन लेसर. तो मी स्वतः बांधला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड पट्ट्या, मध्ये बोटभर फट, फटीतून वाहणारा नायट्रोजन, खाली प्लास्टिकच्या पातळ तावांचा कपॅसिटर आणि एका टोकाला ठिणगी उडवणारी कळ. ठिणगी उडाली की अतिनील प्रकाशाचा एक झटका बाहेर पडे. तो डोळ्यांना दिसत नसे. ऐकू मात्र येई, टक्, टक्, टक्. आणि प्रत्येक टक् सरशी समोरच्या कँटीनमधल्या टीव्हीवर आडव्या रेघा उमटत. क्रिकेटच्या दिवशी कँटीनवाला दारात येऊन हात जोडायचा, "साहेब, बे ओव्हर बाकी छे, बंद राखो ने."

गावात लेसर आहे ही बातमी पसरली तसे लोक येऊ लागले. वराछ्याचे एक हिऱ्यांचे कारखानदार आले आणि खिशातून पुडी काढून म्हणाले, याचे दोन तुकडे करून दाखवा. मी सांगितलं, हा लेसर कागदसुद्धा जाळत नाही. त्यांनी माझ्याकडे आणि मग यंत्राकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला आजही आठवते. एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला रिक्षात बसवून मोतीबिंदू काढायला घेऊन आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आमचा लेसर नेमकं काय करतो, असं विचारणारा बाहेरचा माणूस मात्र मला एकच भेटला. त्याच्याबद्दलच हे लिहितो आहे. त्याच्याबद्दल आणि त्याच्या मुलीबद्दल.

वंदना आमच्याकडे पीएच.डी.ला आली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, प्लेगच्या पुढच्या वर्षी. सुरतेला तेव्हा स्वच्छतेचं वेड लागलं होतं आणि आमच्या कॉलेजालाही चुना लागला होता. राहायला ती डिंडोलीत. वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणत, मूळचे अमळनेरकडचे. आधी उधन्याला लूमवर होते, कान बधिर झाल्यावर पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये घडी खात्यात लागले. धुतलेलं, रंगवलेलं, पांढरं केलेलं कापड तिथे तपासून घडी घालतात. घरी अहिराणी, कॉलेजात गुजराती, माझ्याशी पुस्तकी मराठी आणि यंत्र बिघडलं की हिंदी, अशी तिची वाटणी होती. मला काका म्हणे.

तिचा विषय प्रकाश देणारं प्लास्टिक हा होता. ते सोपं करून सांगतो. प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. काही साखळ्यांत कडी एकदा एका बंधानं जोडलेली असते, पुढची दोन बंधांनी, पुन्हा एकानं, पुन्हा दोनानं. अशा साखळीवर अतिनील प्रकाश पडला की तिच्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातो. तिथे तो सेकंदाचा अब्जावा हिस्सासुद्धा टिकत नाही. खाली उतरताना घेतलेली ऊर्जा तो प्रकाश म्हणून परत देतो. पण त्या एवढ्याशा वेळात ती ऊर्जा एका जागी बसत नाही. साखळीवरून सरकत, एका साखळीवरून दुसरीवर उडी मारत ती उतार शोधते. आसपास कुठे जरा खोलगट जागा मिळाली, एखादा परका रेणू मिळाला, की ती तिथे जाऊन पडते आणि मग जो प्रकाश निघतो तो साखळीचा नसतो, त्या परक्याचा असतो. हजारांत एक परका पुरतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. आम्ही ठेवलं नाही.

अशा प्लास्टिकची पातळ फिल्म काचेवर पसरवली आणि तिच्यावर पुरेशा जोराचा झटका मारला तर वर चढलेले सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या नादानं एकदम उतरतात. एरवी त्यांच्या प्रकाशाचा आलेख पसरट टेकडीसारखा असतो. एका मर्यादेनंतर टेकडी अचानक आक्रसते आणि तिची सुई होते. सुई उमटली की समजायचं, लेसरची चाहूल लागली. जगात तेव्हा तांबड्या, नारिंगी, हिरव्या सुया उमटत होत्या. निळ्यासाठी सगळे धडपडत होते आणि वंदनानं आपल्या प्लास्टिकची साखळी मुद्दाम मध्ये मध्ये तोडून तिचा प्रकाश निळ्या-जांभळ्याकडे नेला होता. दोन वर्षं ती भर दुपारी गरम फ्लास्कसमोर उभी होती. दर वेळी टेकडीच मिळे, तीही बुटकी.

अडचण धुळीची होती. फिल्म करायची पद्धत अशी की काचेचा तुकडा गरगर फिरवायचा (आमच्याकडे त्याला शिलाई मशीनची मोटार होती) आणि त्यावर द्रावणाचे थेंब टाकायचे. द्रावणात एक कण असला तरी त्याच्यामागे धूमकेतूसारखी शेपटी उमटते आणि फिल्म फुकट जाते. म्हणून द्रावण गाळायचं. परदेशी गाळण्या मागवायला आम्ही तीन प्रतींत अर्ज केला. खरेदी समितीनं शेरा मारला, "गाळणी नेमकी कशाची?" कारकून मला म्हणाला, चहाची असेल तर कँटीनच्या खात्यातून घ्या. गाळणकागद आपलेच तंतू सोडायचा. काचेची सच्छिद्र गाळणी घट्ट द्रावणानं तुंबायची, चमचाभर गाळायला सबंध दिवस.

सुरतेत पुसायला, झाकायला, गाळायला कापड कुणी विकत घेत नाही. प्रत्येक घरात कुणी ना कुणी मिलमध्ये असतो आणि कापडाच्या ताग्यातून उरलेले तुकडे, ज्यांना तिथे फेंट म्हणतात, ते घरोघर फिरतात. मी वंदनाला म्हटलं, "आप्पांना विचार. बारीक विणीचं पांढरं पॉलिएस्टर असेल तर आण. सूत नको."

दुसऱ्या दिवशी आप्पा स्वतःच आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं कापड. दारात चपला काढू लागले तेव्हा वंदना ओरडली, "आप्पा, हाई देऊळ नही शे!" ऐकू कमी येत असल्यानं त्यांनी त्या काढल्याच.

कापड टेबलावर उलगडून त्यांनी त्यावर पालथा तळवा फिरवला. "साहेब, देखा. हाई धागा सोडस नही."

मग लेसरकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, याचं काम काय? वर जे सांगितलं ते मी त्यांना सांगितलं, मोठ्यानं. ते मान डोलवत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "म्हंजे उजेड चढस, आनि लगेच उतरस." मी म्हटलं, बरोबर. "मंग इतला खटाटोप कशाले?" मी त्यांच्यासाठी चहा मागवला. जाताना त्यांनी कँटीनवाल्याला सांगितलं, "मनी पोर डागतर व्हई. पन सुई टोचस नही."

कापडानं काम झकास केलं. वंदनाचं प्लास्टिक गरम द्रावकातच विरघळे. ते गरम असतानाच कापडातून ओतायचं, खाली नितळ द्रावण. फिल्म आरशासारखी आली. आठवडाभरात, एका मंगळवारी दुपारी, आलेख काढणाऱ्या पेन रेकॉर्डरचं पेन टेकडी चढता चढता थबकलं, सरळ वर गेलं आणि कागदाच्या कडेला आपटलं. वंदनानं कागद फाडून घेतला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरून पाहिला.

"काका, पेन अडकलं असेल का?"

"पुन्हा कर."

तिनं अकरा वेळा केलं. अकरा वेळा सुई.

आमचे विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक डॉ. जरीवाला. माणूस वाईट नव्हता, पण हार दिसला की त्यांची मान आपोआप पुढे येई. "पाठकभाई, आ तो गजब थई गयुं!" असं मला म्हणत ते ट्रस्टींकडे गेले. शोधनिबंध टपालात पडायच्या आधी मांडव पडला. समारंभात चौघांची भाषणं झाली. त्यांतल्या तिघांनी लेसरचा संबंध वेदांशी जोडला आणि चौथ्यांनी कापड-बाजाराशी. चौथे ट्रस्टीशेठ. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. वंदनाला शाल दिली तेव्हा टाळ्या ऐकू आल्या नसल्यानं ते इतरांचे हात पाहून टाळ्या वाजवत होते, आणि इतरांचे थांबल्यावरही थोडा वेळ वाजवत राहिले.

समारंभानंतर शेठांना प्रात्यक्षिक हवं होतं. खोलीत अंधार केला. मी लेसर सुरू केला, टक् टक् टक्. फिल्मच्या कडेवर निळा ठिपका उजळला. शेठ वाकून पाहू लागले आणि सांडलेला अतिनील प्रकाश त्यांच्या पांढऱ्या सफारीवर पडला. सफारी उजळली. निळी. बरोबर त्याच निळ्या रंगात.

"जोयुं?" शेठ छाती फुगवून म्हणाले. "आपडी मिलनुं कापड. आवी सफेदी बीजे क्यांय नहीं मळे."

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता लेसरची कळ बंद केली.

पांढरं कापड मुळात पांढरं नसतं, पिवळट असतं. ते पांढरंशुभ्र दिसावं म्हणून मिलमध्ये त्याला ब्राइटनर लावतात. हे रसायन उन्हातला न दिसणारा अतिनील प्रकाश खातं आणि निळा प्रकाश देतं. निळा पिवळ्याला झाकतो, गिऱ्हाइकाला शुभ्र वाटतं. पॉलिएस्टरचं ब्राइटनर पाण्यात विरघळत नाही. गरम द्रावकात विरघळतं. हे सगळं मला ठाऊक होतं. सुरतेत राहून हे ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागेल. ठाऊक असून लक्षात न आलेले शोधायची गरज नव्हती, आम्ही सगळे एकाच खोलीत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी वंदना यायच्या आधी मी प्लास्टिकची एक मोडकी पारदर्शक फूटपट्टी घेतली. ऑफिसात रेघा मारतात ती, अतिनील प्रकाशात मुळीच न उजळणारी. तिचे तुकडे गरम द्रावकात विरघळवले, आप्पांच्या कापडातून गाळले, फिल्म केली, लेसर लावला. सुई उमटली. त्याच जागी. फूटपट्टीनं लेसर दिला होता.

मग वंदनाचं द्रावण काचेच्या गाळणीतून गाळायला लावलं. थेंब थेंब करत संध्याकाळ झाली. त्या फिल्मला टेकडी होती. बुटकी.

दोन्ही आलेख मी टेबलावर ठेवले आणि तिला काय केलं ते सांगितलं. तिनं फूटपट्टीचा उरलेला तुकडा उचलला. त्यावर सात ते अकराचे आकडे होते. तिनं ते अंगठ्यानं पुसल्यासारखं केलं.

"म्हणजे माझं प्लास्टिक काहीच करत नाही?"

"करतं. ऊर्जा घेतं आणि ब्राइटनरला देतं."

"हमालासारखं."

 तुकडा खाली ठेवून ती म्हणाली, "आप्पांना सांगू नका. कापडाचं नाव काढू नका."

तिनं तीन दिवस सगळं स्वतः पुन्हा केलं आणि आलेख घेऊन जरीवालासाहेबांकडे गेली. मीही मागे उभा राहिलो. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले. दार लावून घेतलं.

"कोने खबर छे?" त्यांनी विचारलं.

"आपण तिघं," मी म्हणालो.

"तो बस." ते खुर्चीत मागे टेकले. "बेन, परीक्षकांना काय करायचं आहे तू कशातून गाळलंस? सुई खरी आहे ना? कागदावर आहे ना?"

"सुई खरी आहे सर. माझी नाही."

मी मध्ये पडलो. म्हटलं, साहेब, हे मिश्रण म्हणूनच लिहूया. प्लास्टिक ऊर्जा गोळा करतं, परका रेणू ती प्रकाशात बदलतो, हाही निष्कर्षच आहे. वंदनानं मान वर करून पाहिलं. त्या क्षणी तिचा प्रबंध वाचवता आला असता, असं मला आजही वाटतं. पण साहेब शेठांसमोर, मांडवात, माइकवर "आपडुं पोतानुं प्लास्टिक", आपलं स्वतःचं प्लास्टिक, असं सात वेळा म्हणाले होते. शिवाय ब्राइटनर नेमकं कोणतं, हे मिलवाल्यांना विचारावं लागलं असतं, आणि आप्पांची मिल शेठांचीच होती. "पाठकभाई," ते म्हणाले, "तमारुं काम मशीन. मशीन संभाळो."

मशीन सांभाळणारा माणूस गप्प बसला. दुसऱ्यांदा बोललो असतो तर फार तर मला ग्रंथालयात बदली मिळाली असती. तिथे पंखा होता.

समारंभानंतर टपालात पडलेला निबंध मागे घेत असल्याचं पत्र वंदनानं लिहिलं. पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं. त्यात एक वाक्य होतं, "द्रावण गाळण्याची पद्धत निवडताना माझ्याकडून चूक झाली." माझ्याकडून. पद्धत मी निवडली होती, कापड मी मागवलं होतं, सूत नको असंही मीच म्हणालो होतो. पत्र माझ्या हातात होतं, खिशाला पेन होतं. मी त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

तिची नोंदणी संपायला चार महिने उरले होते. मुदतवाढीच्या अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते. जरीवालासाहेब कधी मीटिंगमध्ये असत, कधी अहमदाबादला, कधी नुसतेच नसत. चार महिने संपले. तिनं आपली वही, फिल्मचे डबे आणि शाल घरी नेली. लग्नाच्या दोन सोयरिकी पीएच.डी.साठी थांबवल्या होत्या, त्या तोवर दुसरीकडे जुळल्या होत्या.

पुढे दोन-तीन वर्षांत, आमच्या ग्रंथालयात उशिरानं येणाऱ्या परदेशी नियतकालिकांत मी वाचू लागलो की अशा प्लास्टिकमध्ये थोडा परका रंग मुद्दाम मिसळला तर लेसर जास्त सहज मिळतो. साखळी ऊर्जा गोळा करते, परका उजळतो. आलेख आमच्यासारखेच होते. त्यांनी ते ठरवून केलं होतं आणि काय मिसळलं त्याचं नाव त्यांना ठाऊक होतं, एवढाच फरक. एक अंक मी वंदनाला दाखवायला म्हणून बाजूला ठेवला. तो परत करायची तारीख आली, मी परत केला.

वंदना पलसाण्याच्या एका मिलमध्ये, आप्पांच्या नव्हे, तपासणी विभागात लागली. एकदा तिथे गेलो होतो. काळ्या पेटीत अतिनील दिवा लावलेला, ती कापडाचा तुकडा आत धरायची आणि भिंगातून पाहायची.

"काय बघतेस?"

"उजळतं का ते. उजळलं की पास." तिनं पुढचा तुकडा धरला. "काका, इथे सगळंच उजळतं."

तिथं फार बोलता येत नव्हतं, बाहेर ट्रक लागला होता.

आप्पांना आम्ही दोघांनी सांगितलं की परीक्षक लबाड निघाले. त्यांनी ते मानलं. शिकलेल्या माणसांबद्दल त्यांचा आधीपासूनच तसा कयास होता. माझ्यावर मात्र त्यांचा विश्वास राहिला, कारण त्यांना यंत्र समजावून सांगणारा मी एकटा होतो. दर दिवाळीला ते येत. चपला बाहेर, हातात फराळाचा डबा आणि वर्तमानपत्रात बांधलेलं पांढरं कापड.

"तुमना लेसरले लागस ना, साहेब."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी घेत राहिलो. लेसर मोडीत निघाला, त्या खोलीत आता जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, मी निवृत्त झालो, तरी आप्पांचं येणं थांबलं नाही. गेल्या वर्षीही माझ्या घरी आले होते, वंदनाचा हात धरून. त्यांना आता दिसतही कमी. कापड टेबलावर उलगडून त्यांनी नेहमीसारखा त्यावर पालथा तळवा फिरवला. वंदना खिडकीबाहेर पाहत होती.

आमच्या घरी चष्मा पुसायला, दूध गाळायला, देवघर झाकायला तेच कापड आहे. चांगलं आहे. धागा सोडत नाही.